दूरच्या युनिक्स मशीनवरचे ग्राफिकल प्रोग्रॅम आपल्या डेस्कटॉपवर: जोडणी, वेग आणि तुटलेलं सेशन

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेबलावर विंडोजचा संगणक, कामाचे प्रोग्रॅम दूरच्या लिनक्स सर्व्हरवर. पुट्टीनं (विंडोजवरून दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या प्रोग्रॅमनं) लॉगिन होतं, टर्मिनलमधली कामं चालतात, पण विंडो उघडणारा प्रोग्रॅम सुरू केला की ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ असा संदेश येतो. कुणीतरी डिस्प्ले हे व्हेरिएबल हातानं भरायला आणि ‘एक्सहोस्ट प्लस’ चालवायला सांगितलं. त्यानं ऑफिसच्या नेटवर्कवर काम भागलं, पण घरून विंडो उघडतच नाही. व्हीपीएन लावून उघडली तर एकेक मेनू खाली यायला काही सेकंद जातात, आणि कनेक्शन तुटलं की चालू काम हातचं जातं.

यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत: जोडणी कशी करायची, वेग का मिळत नाही, आणि तुटलेल्या कनेक्शनपासून काम कसं वाचवायचं. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यालाही पुरेल असं धरून चाललं की माणूस सेटिंग बदलत बसतो आणि काहीच सुधारत नाही. म्हणून एकेक घेऊ.

एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली. बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस ही तिच्यामागची प्रमुख नावं. आपण आज वापरतो तो एक्स११ प्रोटोकॉल १९८७ चा. प्रोग्रॅम एका मशीनवर आणि पडदा दुसऱ्या मशीनवर ही सोय तिच्यात नंतर जोडलेली नाही, मूळ रचनाच तशी आहे. पडदा, कीबोर्ड आणि माउस ज्याच्या ताब्यात असतात तो एक्स सर्व्हर, आणि तो तुमच्या टेबलावर चालतो. दूरच्या मशीनवरचा प्रोग्रॅम त्याचा क्लायंट. विंडो उघड, इथे रेघ ओढ, इथे हा मजकूर लिही, अशा विनंत्या तो पाठवतो आणि बदल्यात तुमच्या कळा आणि क्लिक त्याला मिळतात. कुणाकडे जायचं हे त्याला डिस्प्ले या व्हेरिएबलमधून कळतं. त्यात मशीनचं नाव आणि कोलननंतर (:) डिस्प्लेचा क्रमांक असतो. क्रमांक ० म्हणजे पोर्ट ६०००, १ म्हणजे ६००१, असा हिशेब.

यावरून घरून विंडो का उघडत नाही ते लगेच कळतं. हातानं डिस्प्ले भरला की दूरचा सर्व्हर तुमच्या संगणकाकडे कनेक्शन उघडायला येतो. घरचा राउटर आणि विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेली अशी जोडणी आत घेत नाहीत, आणि घेऊही नये.

एक्सहोस्ट प्लसबद्दल मला स्पष्टच सांगायचं आहे: ते आजच्या आज बंद करा. त्या आज्ञेनं एक्स सर्व्हरवरची परवानगीची तपासणीच उठते. ज्याला तुमचं ६००० पोर्ट दिसतं, तो तुमच्या पडद्याला जोडून घेऊ शकतो. आणि एक्सच्या जगात एकदा आत आलेल्या क्लायंटला दुसऱ्याच्या विंडोमधल्या कळा वाचता येतात, पडद्याचं चित्र घेता येतं, खोट्या कळाही दाबता येतात. तुम्ही टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करता तो त्याला दिसतो. व्हीसीएक्सएसआरव्ही हा विंडोजवरचा एक्स सर्व्हर सुरू करताना ‘डिसेबल ॲक्सेस कंट्रोल’ अशी एक चौकट दिसते. तिच्यावर टिक करणं म्हणजे हाच प्रकार. अनेक मार्गदर्शिका ती सर्रास टिक करायला सांगतात. पुट्टीतून जोडणी त्याच संगणकावरून येते, त्यामुळे तिची गरज पडत नाही. हाच धोका ओळखून एक्सऑर्गनं, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या एक्स सर्व्हरनं, आवृत्ती १.१७ पासून नेटवर्कवर ऐकणंच मुळात बंद ठेवलं आहे.

सरळ मार्ग एसएसएचचा आहे, म्हणजे पुट्टी लॉगिनसाठी वापरते त्याच सुरक्षित जोडणीचा. तुम्ही लॉगिन केलेल्या त्याच कूटबद्ध कनेक्शनमधून एक्सची रहदारी उलट दिशेनं येते; यालाच एक्स फॉरवर्डिंग म्हणतात. त्यामुळे राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. दूरच्या मशीनवर एसएसएचडी (एसएसएचची तिथली सेवा) एक नकली डिस्प्ले उभा करतो. त्याचे क्रमांक सहसा १० पासून सुरू होतात, म्हणून लॉगिननंतर डिस्प्लेमध्ये लोकलहोस्ट आणि १०.० असं दिसतं आणि त्यामागचं पोर्ट ६०१० असतं. परवानगीसाठी लागणारी कुकी, म्हणजे गुप्त खूण, एसएसएच स्वतः बनवतो. दूरच्या मशीनला बनावट कुकी मिळते आणि तुमच्या बाजूला आल्यावर तिच्या जागी खरी लावली जाते, म्हणजे तुमच्या एक्स सर्व्हरची खरी किल्ली कधी बाहेर जातच नाही. मला ही रचना फार आवडते. इतक्या जुन्या प्रोटोकॉलला एक ओळही न बदलता सुरक्षित वाट मिळाली.

आता तुमच्या टेबलावर एक्स सर्व्हर हवा. लिनक्सवर तो असतोच. मॅकवर ॲपलनं तो सोबत द्यायचं २०१२ मध्ये, माउंटन लायनपासून थांबवलं. तिथे एक्सक्वार्ट्झ वेगळं बसवा आणि एकदा लॉगआउट करून परत या. विंडोजवर व्हीसीएक्सएसआरव्ही हा चांगला मोफत पर्याय आहे. मोबाएक्सटर्ममध्ये टर्मिनल आणि एक्स सर्व्हर एकत्र येतात, त्यामुळे नवख्यांना मी आधी तेच सुचवतो. विंडोज ११ वर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) बसवलेलं असेल तर काहीच नको. त्याच्यासोबत डब्ल्यूएसएलजी येतं आणि त्या टर्मिनलमधून एसएसएच करताना कॅपिटल वाय हा पर्याय दिला की विंडो थेट डेस्कटॉपवर उघडतात.

पुट्टीच वापरायचं असेल तर आधी व्हीसीएक्सएसआरव्ही सुरू करा, मग पुट्टीच्या सेटिंगमध्ये कनेक्शन, त्यात एसएसएच, त्यात एक्स११ इथे जाऊन फॉरवर्डिंग चालू करा आणि डिस्प्लेच्या जागी लोकलहोस्ट, कोलन (:), शून्य लिहा. सेशन सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी सगळं पुन्हा. टर्मिनलमधून एसएसएच चालवणाऱ्यांनी वजाचिन्हानंतर कॅपिटल एक्स द्यायचा. लहान एक्स दिला तर फॉरवर्डिंग उलट बंद होतं, आणि ही चूक डोळ्यांना सहज दिसत नाही.

लॉगिन झाल्यावर आधी मोठा प्रोग्रॅम उघडू नका. एक्सक्लॉक किंवा एक्सआइज चालवून पाहा. डेबियन आणि उबुंटूवर ते एक्स११-ॲप्स या पॅकेजमध्ये मिळतात. घड्याळ दिसलं म्हणजे जोडणी पक्की, मग पुढचा दोष त्या मोठ्या प्रोग्रॅमचा.

घड्याळ दिसलं नाही तर डिस्प्लेची किंमत एको या आज्ञेनं छापून पाहा. ती रिकामी असेल तर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं. एक, सर्व्हरच्या एसएसएचडी कॉन्फिगमध्ये एक्स११फॉरवर्डिंग बंद आहे. ओपनएसएसएचचा मूळ डीफॉल्ट ‘नो’ आहे; मोठी डिस्ट्रिब्युशन्स ‘येस’ करून देतात, पण सुरक्षा कडक करताना ॲडमिन ते परत बंद करतात. दुसरं, सर्व्हरवर एक्सऑथ हा कुकी नोंदवणारा छोटा प्रोग्रॅमच नाही. कमीत कमी पॅकेजेस घालून बसवलेल्या सर्व्हरवर हे हमखास आढळतं. फक्त एक्सऑथ बसवा. सर्व्हरवर अख्खा डेस्कटॉप किंवा एक्स सर्व्हर बसवायची काहीही गरज नाही. तिसरं, जरा आडवळणाचं कारण म्हणजे त्या मशीनवर आयपीव्ही६ कर्नलमध्येच बंद केलेलं असणं. तेव्हा एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये ॲड्रेसफॅमिली ही ओळ ‘आयनेट’ करून सेवा पुन्हा सुरू करावी लागते.

डिस्प्ले रिकामा नसून त्यात १० ऐवजी ० किंवा तुमच्या जुन्या संगणकाचा पत्ता दिसत असेल, तर सर्व्हरवरची बॅशआरसी किंवा प्रोफाइल ही लॉगिनच्या वेळी चालणारी फाइल उघडा. पूर्वी हातानं लिहिलेली डिस्प्लेची ओळ तिथे बसलेली असते आणि एसएसएचनं भरलेली योग्य किंमत दर लॉगिनला पुसून टाकते. ती ओळ काढा. एसएसएच वापरताना डिस्प्लेला हात लावायचाच नाही, हा नियम अंगवळणी पाडून घ्या.

आणखी एक नेहमीची अडचण: ‘एरर इन लॉकिंग ऑथॉरिटी फाइल’. होम डिरेक्टरीचा कोटा भरला आहे का ते आधी पाहा. जागा नसेल तर एक्सऑथला कुकी लिहिता येत नाही. जागा असेल तर एक्सऑथॉरिटी या कुकीच्या फाइलचा मालक कोण ते पाहा. सुडोनं (ॲडमिनच्या अधिकारानं) काहीतरी चालवताना ती रूटच्या, म्हणजे ॲडमिन खात्याच्या, नावावर जाते आणि मग तुम्हालाच ती लिहिता येत नाही. सुडोखाली ग्राफिकल प्रोग्रॅम चालवणं शक्यतो टाळाच. सिस्टिमच्या फाइलमध्ये बदल करायचा तर सुडोएडिट आहे. टाळता येत नसेल तर रूटच्या वातावरणात एक्सऑथॉरिटी व्हेरिएबलमध्ये तुमच्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या.

मध्ये एखादं जंप होस्ट, म्हणजे ज्याच्यातूनच पुढे जाता येतं असं मशीन, असेल तर आधी त्यावर लॉगिन करून तिथून पुढे एसएसएच करू नका. ओपनएसएसएच ७.३ पासून कॅपिटल जे हा पर्याय आहे. त्यानं कूटबद्ध जोडणी थेट शेवटच्या मशीनपर्यंत जाते, मधल्या मशीनवर एक्सऑथही लागत नाही आणि मधल्याला तुमची रहदारीही वाचता येत नाही.

कॅपिटल एक्स आणि कॅपिटल वाय यांत फरक काय, हा यानंतर हमखास येणारा प्रश्न. एक्स दिला तर दूरच्या प्रोग्रॅमला अविश्वासू क्लायंट मानलं जातं आणि सिक्युरिटी एक्स्टेन्शनमधून त्याच्यावर बंधनं येतात. या परवानगीची मुदत मुळात २० मिनिटांची असते. त्यामुळे सकाळी उघडलेल्या सेशनमधून दुपारी नवी विंडो उघडत नाही आणि माणूस गोंधळतो. फॉरवर्डएक्स११टाइमआउट हे सेटिंग वाढवलं की तो प्रश्न सुटतो. वाय दिला तर पूर्ण विश्वास, कोणतंही बंधन नाही. डेबियन आणि उबुंटूवर मात्र मुळातच दोन्ही सारखेच वागतात, कारण तिथे विश्वास आधीच चालू करून ठेवलेला आहे. तो दिला की दूरच्या मशीनचा रूट तुमच्या पडद्यावर डोकावू शकतो. म्हणून एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये सगळ्या होस्टसाठी फॉरवर्डिंग सरसकट चालू करू नका. ज्या मशीनचे ॲडमिन तुमच्या भरवशाचे आहेत, तेवढ्यांच्याच नावापुढे करा.

आता वेग. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण ते इंटरनेटच्या एमबीपीएसकडे बघतात. एक्सला खरा त्रास होतो तो विलंबाचा, म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेचा. टपालानं बुद्धिबळ खेळताना पाकीट मोठं घेतलं म्हणून डाव लवकर संपत नाही. तसंच इथे आहे. समजा, एखादा प्रोग्रॅम सुरू होताना ४०० वेळा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहतो. ऑफिसच्या नेटवर्कवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागत असेल तर हे सगळं ०.२ सेकंदात उरकतं. घरून व्हीपीएनवर तीच फेरी ६० मिलिसेकंदांची झाली की २४ सेकंद. लाइन कितीही वेगवान घ्या, हे २४ सेकंद २४ च राहतात.

मोटिफ किंवा साधी एक्सलिब या जुन्या लायब्ररींवर लिहिलेले प्रोग्रॅम त्यातल्या त्यात सुसह्य असतात, कारण ते खरोखरच रेघा आणि अक्षरांच्या विनंत्या पाठवतात. जीटीके किंवा क्यूटी या आजच्या लायब्ररींवरचे नवे प्रोग्रॅम आपलं चित्र स्वतःच रंगवून ठेवतात आणि तयार ठिपके पाठवतात. एकाच मशीनवर ते शेअर्ड मेमरीतून क्षणात सरकतं. नेटवर्कवर ती सोय नाही, मग प्रत्येक स्क्रोलला चित्रांचे गठ्ठे वाहावे लागतात. कॅपिटल सी देऊन कॉम्प्रेशन चालू केलं तर संथ लाइनवर या गठ्ठ्यांपुरता फायदा होतो. फेऱ्या तेवढ्याच राहतात, त्यामुळे मेनूचा रखडलेपणा जात नाही.

तेव्हा घरून काम करताना पहिला प्रश्न स्वतःला विचारा: ही विंडो दूरून आणायची गरज आहे का? ब्राउझर कधीही एक्स फॉरवर्डिंगमधून चालवू नका. दूरच्या नेटवर्कमधलं वेबपेज पाहायचं असेल तर एसएसएचचा सॉक्स प्रॉक्सी किंवा साधा पोर्ट टनेल काढा आणि तुमचाच ब्राउझर वापरा. ज्युपिटर नोटबुकही असंच टनेलमधून पाहा. फाइल संपादित करायची तर ईमॅक्सचा ट्रॅम्प किंवा व्हीएस कोडचं रिमोट एसएसएच आहे. हे सगळं वगळल्यावर खरोखर दूरूनच आणावेत असे प्रोग्रॅम थोडेच उरतात: चिप डिझाइनची साधनं, सिम्युलेशनचे व्ह्यूअर, ज्यांचं लायसन्स त्या सर्व्हरलाच बांधलेलं आहे अशी पॅकेजेस, आणि एवढा मोठा डेटा हाताळणारी साधनं की तो हलवणं परवडत नाही.

यांच्यासाठी लांबच्या लाइनवर माझा पहिला कौल एक्सप्राला. तो दूरच्या मशीनवरच एक आभासी एक्स सर्व्हर उभा करतो. प्रोग्रॅम त्याच्याशी बोलतो, म्हणजे ते ४०० प्रश्न तिथल्या तिथे मिटतात. तुमच्याकडे फक्त प्रत्येक विंडोचं दाबलेलं चित्र येतं आणि ती विंडो तुमच्या डेस्कटॉपवर बाकीच्या विंडोंमध्ये सुटी दिसते. तुमचा तिसरा प्रश्नही इथेच सुटतो. साध्या एक्स फॉरवर्डिंगमध्ये एसएसएच तुटलं की प्रोग्रॅमचा पडदा गेला, आणि पडदा गेला की प्रोग्रॅम मरतो. त्याला पुन्हा जोडून घ्यायची सोय एक्समध्ये नाही. एक्सप्रात प्रोग्रॅमचा पडदा दूरच्याच मशीनवर असतो. लाइन गेली तरी तो चालू राहतो, आणि नंतर ॲटॅच केलं की कर्सर होता तिथेच असतो. टर्मिनलमध्ये टीमक्स किंवा स्क्रीन जे करतात तेच हे, विंडोंसाठी. फक्त दोन्ही बाजूंना शक्यतो जवळच्या आवृत्त्या ठेवा. सर्व्हरवर जुनाट आणि तुमच्याकडे अगदी नवी असली की विचित्र दोष दिसतात.

सर्व्हरवर एक्सप्रा बसवायची परवानगी नसेल तर व्हीएनसी बहुधा मिळेल. त्यात सुट्या विंडोऐवजी अख्खा डेस्कटॉप एका चौकटीत येतो. टायगरव्हीएनसी चांगलं आहे. पोर्टांचा हिशेब ५९०० पासून, म्हणजे डिस्प्ले १ ला ५९०१. ते पोर्ट नेटवर्कवर उघडं ठेवू नका. व्हीएनसीच्या पारंपरिक पासवर्डमध्ये पहिली ८ अक्षरंच मोजली जातात, आणि त्या साध्या जोडणीत पुढची रहदारी कूटबद्धही नसते. सर्व्हर लोकलहोस्टवरच ऐकेल असं करा आणि एसएसएचच्या टनेलमधून जा. विंडोजवर काहीच बसवता येत नसेल तर सर्व्हरवर एक्सआरडीपी लावून घ्या. मग विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप पुरतं. त्याचं पोर्ट ३३८९, आणि तेही टनेलमागेच ठेवा. एक्सटूगोही याच कामाचा आहे. तो नोमशीनच्या एनएक्स तंत्रावर उभा आहे, ज्याचा मूळ हेतूच एक्सच्या फेऱ्या कमी करणं हा होता.

त्रिमितीय प्रोग्रॅमचं गणित निराळं आहे. एक्स फॉरवर्डिंगमधून ओपनजीएल (त्रिमितीय चित्रं काढायची प्रमाण पद्धत) चालवलं की त्याच्या आज्ञा तुमच्या एक्स सर्व्हरकडे पाठवल्या जातात. हा मार्ग फार जुन्या ओपनजीएलपुरताच चालतो आणि एक्सऑर्ग १.१७ पासून मुळात बंदच असतो. परिणामी प्रोग्रॅम पडतो, किंवा सगळं काम प्रोसेसरवर ओढत बसतो आणि सर्व्हरवरचं महागडं ग्राफिक्स कार्ड रिकामं राहतं. यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअलजीएल. प्रोग्रॅमच्या नावाआधी व्हीजीएलरन लावला की चित्र दूरच्या कार्डावरच तयार होतं आणि फक्त तयार चित्र पुढे जातं. त्याच लोकांच्या टर्बोव्हीएनसीबरोबर ही जोडी उत्तम बसते. त्रिमितीय मॉडेल फिरवून पाहायचं असेल तर दुसरं काही करून बघण्यात वेळ घालवू नका.

विंडो उघडली पण मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर फॉन्ट तुमच्या संगणकावर शोधू नका. नवे प्रोग्रॅम अक्षरं स्वतः रंगवतात, म्हणून फॉन्ट ते ज्या मशीनवर चालतात तिथे लागतात. देवनागरीचा फॉन्ट सर्व्हरवर बसवायचा. दाट पडद्यावर सगळं बारीक दिसत असेल तर जीटीकेला जीडीके_स्केल आणि क्यूटीला क्यूटी_स्केल_फॅक्टर या व्हेरिएबलनं मोठं करता येतं.

लिनक्सवर एक्सची जागा घेत असलेल्या वेलँडमुळे हे सगळं कालबाह्य होतंय का, असंही विचारलं जातं. वेलँडच्या प्रोटोकॉलमध्ये नेटवर्क नाही, हे खरं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून एक्सऑर्ग सर्व्हर काढलाही आहे. पण एक्सवेलँड, म्हणजे वेलँडवर चालणारा एक्स सर्व्हर, तिथेही राहिला आहे, त्यामुळे वेलँडच्या डेस्कटॉपवर बसून एसएसएचनं एक्सचे प्रोग्रॅम आणणं पूर्वीसारखंच चालतं. दूरच्या मशीनवर वेलँडचं सेशन नसलं तर जीटीके आणि क्यूटीचे बहुतेक प्रोग्रॅम आपणहून एक्सकडे वळतात. जो प्रोग्रॅम फक्त वेलँडच बोलतो त्याच्यासाठी वेपाइप आहे. तो दोन्ही मशीनवर बसवायचा आणि एसएसएचच्या आज्ञेआधी त्याचं नाव लिहायचं, बस. एखादी विंडो नेमकी कुठल्या वाटेनं आली ते पाहायचं असेल तर टेबलावरच्या लिनक्सवर एक्सएलएसक्लायंट्स चालवा. एक्समधून आलेले प्रोग्रॅम त्यात ज्या मशीनवर चालतात तिच्या नावासकट दिसतात, वेलँडचे दिसत नाहीत.